आज आडवं कोण?

आमच्या ह्यांना पक्ष्यांचा नाद आहे हे लग्नाच्या बोलण्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी काय करणार होते म्हणा. मुलगा निर्व्यसनी आहे एवढ्यावर आमच्या घरचे खूश होते, आणि कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून चिखलात उभं राहणं हेसुद्धा व्यसनात धरायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. आठवडाभर लोकांच्या हद्दीची भांडणं सोडवायची आणि रविवारी तीच बारीक नजर घेऊन तळ्यावर जायचं. थंडी पडली की तळ्यावर लांबलांबचे पक्षी उतरतात. पाणी मागे सरकतं, काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि अंधारात कोण कोण पाणी पिऊन गेलं ते त्या चिखलावर सकाळी वाचता येतं. हे सगळं मला ह्यांच्याकडून ऐकून माहीत. मी घरात पुढच्या खोलीत शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडद्यांच्या दुमडी, आणि पोटं सुटलेल्यांच्या कमरा सैल करणं. रविवारी सकाळी मला झोप प्यारी होती.

तळ्यावर जाणारी मंडळी चारपाचच. त्यातली नेमाने येणारी दोन. एक दातवाले डॉक्टर आणि दुसऱ्या पोस्टातल्या बाई. तळ्याच्या पंपघराच्या भिंतीला एक काळा फळा आहे. आज काय काय दिसलं ते त्यावर खडूने लिहायचं, म्हणजे फिरायला येणाऱ्यांनाही कळतं. पण वाटेल त्याने वाटेल ते लिहायचं नाही. त्याला एक नियम होता आणि तो नियम ह्यांनीच केलेला.

रविवारी सगळे जमले की पहिला प्रश्न यायचा, "आज आडवं कोण?" ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना आडवं जायचं. कुणी म्हणालं, "हा बघा मुंगसाचा माग," की आडव्याने म्हणायचं, "कशावरून? मांजराचा का नाही?" मग नखं दाखवा, बोटं मोजा, दोन पावलांमधलं अंतर बघा. आडव्याचं समाधान होऊन त्याने "मान्य" म्हटल्याशिवाय खडूला हात लावायचा नाही. ह्यांचं म्हणणं असं, की माणसाला जे बघायची हौस असते तेच त्याला दिसतं, म्हणून शेजारी एक हौस नसलेला माणूस लागतो.

एकदा ह्यांनी आकाशात भोवत्या पाहिला, म्हणजे थंडीत येणारा तो लांब पंखांचा शिकारी पक्षी. डॉक्टर तेव्हा नवीनच होते आणि आडवे होते. त्यांनी शेपटीवरून असं काही धरलं की ह्यांचा भोवत्या शेवटी साधी घार निघाला. हे घरी आले ते हसतच. "काय पकडलं मला आज! पोरगा तयार झाला!" मला नवल वाटलं. घरात मी कपाट तिरकं लागलंय असं म्हटलं की हा माणूस आठवडाभर तोंड फुगवून बसायचा, आणि तिकडे जाऊन चूक काढून घ्यायची हौस! कपाटावरून आमचं जे वाजायचं ते वाजायचंच. आम्ही दोघंही भांडायला पक्के. लेक म्हणायची, तुमच्या घरात रेडिओची गरज नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो रेडिओ बंद पडला. ह्यांना झटका आला. मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात लुळा पडला तो पडलाच, पाय थोडा ओढायला लागला, तो महिन्याभरात बराच सुधारला. वाचा मात्र गेली. म्हणजे आवाज होता, कळत सगळं होतं, डोळ्यांत प्रश्न दिसायचा, पण शब्द सापडायचा नाही. "अगं" आणि "नाही" एवढे दोन जागेवर राहिले. बाकी प्रत्येक गोष्टीला ते "कुलूप" म्हणायचे. पाणी हवं, कुलूप. उजेड बंद कर, कुलूप. लेकीचा फोन आला की कानाला लावून कुलूप, कुलूप, आणि मग डोळ्यांना पाणी. कुलूपच का, ते देव जाणे.

बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. हसऱ्या होत्या, पण एके दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी स्पष्टच सांगितलं. "हे घरात गप्प बसून राहतात. असं चाललं तर आहे तेवढंही जाईल. शब्द वापरले नाहीत तर वाट बुजते. त्यांना कुठे बोलावंसं वाटतं?"

कुठे वाटतं ते मला पाठ होतं. थंडी सुरू झाली तशी मी ह्यांची जुनी पँट कमरेत आत घेऊन स्वतःला बेतली, कानटोपी चढवली आणि जन्मात पहिल्यांदा रविवारी पहाटे घराबाहेर पडले. हे माझा दंड धरून चालत होते. तळ्यावर पोचलो तेव्हा डॉक्टरांनी आणि पोस्टातल्या बाईंनी ह्यांना बघून जे केलं ते मी विसरणार नाही. दोघंही धावत आले. डॉक्टरांनी तर ह्यांचा लुळा हातच दोन्ही हातांत धरून ठेवला. "दादा," म्हणाले, "तुमच्यावाचून इथे कुणाला काही दिसत नाही हो."

मग आमची एक पद्धत बसली. ह्यांना काही दिसलं की माझी बाही ओढायची. मी दुर्बीण लावून वर्णन करायचं, डॉक्टर नाव सांगणार, आणि हे मान हलवून हो-नाही करणार. माझं वर्णन म्हणजे शिंपिणीचं. "चोच अशी, की पुढे फळी ठोकलीय." ते थापट्या बदक निघालं. "तपकिरी, अंगभर उभी टीप घातलेली, आणि चोच म्हणजे अख्खी दाभण!" तो पाणलावा. पोस्टातल्या बाई हसून हसून खाली बसायच्या. हेसुद्धा हसायचे. खरं सांगायचं तर मलाही मजा यायला लागली होती, पण तसं मी कुणाला कळू दिलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पोस्टातल्या बाईंनी काही पाहिलं की आडव्याची उलटतपासणी रंगायची. चिखलात गुडघे टेकून वाद चालायचे. ह्यांनी बोट दाखवलं की मात्र लगेच "मान्य, दादा, मान्य!" मला ते ऐकून बरं वाटायचं. किती चांगली माणसं आहेत, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. आजारी माणसाला सांभाळून घेतात.

मग तो रविवार आला. धुकं होतं, पाण्यावरचं काही दिसत नव्हतं, म्हणून सगळे खाली बघत काठाने चालले होते. वेताच्या बेटाजवळ हे थांबले. माझ्या खांद्यावर भार देऊन हळूहळू चिखलात गुडघा टेकला. पुढे पावलांची एक ओळ पाण्याकडे गेली होती. ह्यांनी डाव्या हाताचं बोट एका ठशावर धरलं आणि एकेक बोट मोजायला लागले.

"एक... दोन... तीन... चार... पाच." मग मान वर करून, चेहरा असा उजळलेला, "पाच!"

मला काही कळलं नाही, पण बाकीच्यांना कळलं. कुत्र्याला चार बोटं उमटतात, मांजराला चार. पाच बोटांचं, एवढं मोठं, पाण्याकडे जाणारं जनावर म्हणजे ऊद. पाणमांजर. ह्या तळ्यावर पूर्वी होते म्हणे, मग नाहीसे झाले. आमच्या ह्यांनी ऊद परत यावा म्हणून किती हिवाळे वाट पाहिली होती ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी डॉक्टर आडवे होते. ते वाकले, ठसा पाहिला, पुढचा पाहिला. तोंड उघडलं. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. "मान्य," ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. पोस्टातल्या बाईंनी ह्यांच्याच हातात खडू दिला. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, दोनदा पुसून, ह्यांनी फळ्यावर ते एवढंसं नाव लिहिलं. लिहिता येत नव्हतं हो ह्यांना, झटक्यापासून एक अक्षर लिहिलं नव्हतं! मी तिकडे पाठ करून नाक पुसलं.

पुढचे दोनतीन दिवस आमच्या घरात दिवाणखान्यापासून मोरीपर्यंत "पाच, पाच" चाललं होतं. लेकीला फोनवर "पाच" सांगितलं. बोलणं शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं, त्या तर नाचायच्याच बाकी होत्या. "पाणी" म्हणाले. "बूट" म्हणाले. एकदा तर "थंड" म्हणाले, आणि चहा खरंच थंड होता. मी शिवणकाम बाजूला टाकून ह्यांच्यासमोर बसून राहायचे.

बुधवारी सकाळी हे बूट घालून दारात उभे. "अगं." तळ्याकडे बोट. मधल्या वारी कधी गेलो नव्हतो, पण आता ह्यांनी मागितलं आणि मी नाही म्हटलं असं होणारच नव्हतं. मशीनवर अर्धा गणवेश तसाच टाकून निघाले.

दोन दिवस ऊन पडल्याने चिखल आवळला होता आणि ठसे साच्यात काढल्यासारखे स्पष्ट झाले होते. हे पुन्हा त्या ओळीशी बसले. अंगुळ अंगुळ पुढे सरकत बघत गेले. मी मागे उभी. बऱ्याच पुढे, जिथे ते जनावर थबकून वळलं होतं, तिथे हे थांबले. तिथे ठसे सुटे सुटे होते. मलाही दिसलं, त्यात शंकेला जागा नव्हती. एक पाऊल, चार बोटं. त्याच्यामागे दुसरं पाऊल, चार बोटं. कुत्रं चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच ठेवतं, जरा सरकवून. खालच्या ठशातलं एखादं बोट वरच्याच्या बाजूने डोकावतं आणि पाच दिसतात. ऊद नव्हताच. गावातलं कुठलं तरी कुत्रं होतं.

ह्यांनी मागे येऊन पहिला ठसा पुन्हा पाहिला. मग तसेच ओल्या जमिनीवर बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, असू दे. होतं असं. कुणाच्याही लक्षात आलं नसतं." ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

किती तरी वेळ ओठ हलत होते. घाम आला होता. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा आला.

"आडवा... कोण?"

"डॉक्टर होते," मी म्हटलं.

ह्यांनी डावा हात वर केला, चार बोटं आणि अंगठा पक्ष्याच्या चोचीसारखा उघडला, आणि मिटला. डॉक्टरांचं तोंड उघडलेलं आणि मिटलेलं ह्यांनीही पाहिलं होतं. तेव्हा अर्थ कळला नव्हता, आता कळला. डॉक्टरांना दिसलं होतं. सगळ्यांनाच दिसलं असेल. आजारी माणूस आहे, म्हणू दे ऊद.

उठून ते पंपघराकडे गेले, फळ्यावरचं नाव स्वेटरच्या बाहीने पुसलं, आणि घरी येईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही. आल्यावर दुर्बीण गळ्यातून काढून माळ्यावर टाकायला सांगितली, खुणेनेच. मी टाकली. त्यानंतर ना पाणी, ना बूट. बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या तर भिंतीकडे तोंड करून झोपले. जाताना त्या म्हणाल्या, "काय झालं हो? एवढं छान चाललं होतं." त्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो नाही. पुढच्या आठवड्यात तर हे "अगं"सुद्धा म्हणेनासे झाले. आहे तेवढंही जाईल, असं त्या म्हणाल्या होत्या.

माझा स्वभाव असा, की भीती वाटली की आधी राग येतो. कात्री ठेवली आणि तडक डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते, तोंडात कापूस, छातीवर रुमाल. मी थांबले नाही.

"तुम्हाला दिसलं होतं की नाही?"

डॉक्टरांनी मला बघून हातातलं हत्यार खाली ठेवलं. कशाबद्दल, असं विचारायचं नाटक त्यांनी केलं नाही. "दिसलं होतं, वहिनी."

"मग बोलला का नाहीत? आडवे होतात ना? का नुसते फळ्याची शोभा?"

"कसं बोलणार हो?" त्यांचा आवाजच फुटला. "दादांच्या तोंडून पाच आलं. किती महिन्यांनी आलं. मी काय म्हणू, की पाच नाहीत, चार आहेत? मला माग बघायला शिकवलं त्यांनी. पहिल्या हिवाळ्यात माझी शंभर वेळा चूक काढली. मला नाही जमत, वहिनी. त्यांचा चेहरा बघितला आणि नाहीच जमलं."

खुर्चीतल्या गृहस्थांनी आ वासूनच माझ्याकडून त्यांच्याकडे पाहिलं. मी अजून तावातच होते. "त्यांचा अपमान केलात तुम्ही! घरात भिंतीकडे तोंड करून पडलेत. त्यांना काय लहान पोर समजलात?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, अगदी मऊ आवाजात, टोचायचं म्हणून नव्हे, त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही भांडता का हो त्यांच्याशी हल्ली?"

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

घरी परतताना रस्ताभर आठवत आले. एकदा तरी? झटक्यानंतर ह्यांनी डाव्या हाताने भिंतीत खिळा ठोकला, तो खाली मान घालून लोंबत होता. मी म्हटलं, छान ठोकलात. ह्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं, मी गुपचूप खाल्ली. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली, तसेच दवाखान्यात घेऊन गेले, वर म्हटलं, हुशार आहात. हुशार! मोजणीदाराला! ज्या माणसाशी मी उभा जन्म कपाट तिरकं की सरळ यावरून भांडले, त्याला मी आता फक्त हो म्हणत होते. प्रेमाने म्हणत होते, दया येऊन म्हणत होते, पण हो शिवाय दुसरं काही मिळत नसेल तर माणसाने बोलायचं तरी कशाला? मला रस्त्यातच रडू आलं. पण पुढच्या खोलीत एक गिऱ्हाईक वाट बघत होतं, म्हणून डोळे पुसून आत गेले.

शनिवारी मी मशीनला हात लावला नाही. ह्यांचं पक्ष्यांचं जाडं पुस्तक घेऊन बसले आणि परीक्षेला बसल्यासारखं वाचून काढलं. हे पलंगावरून बघत होते. संध्याकाळी खुणेने विचारलं, काय चाललंय?

"उद्या मी तळ्यावर जाणार आहे," मी म्हटलं. "एकटी. दिसेल ते फळ्यावर लिहिणार. हंस, मोर, शहामृग, मनाला येईल ते. तुम्ही झोपा."

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. सकाळी मी कानटोपी घालत होते तेव्हा हे पलंगावर बसून बूट शोधत होते. माळ्यावरची दुर्बीण मी आधीच पिशवीत टाकली होती.

तळ्यावर ह्यांना बघून सगळे गोळा झाले, पण जरा बिचकूनच. डॉक्टर ह्यांच्या नजरेला नजर देईनात. कुणी काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "आज आडवी मी."

"तुम्ही, ताई?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "बघा हं. जमेल ना?"

"घरी काय करत होते इतकी वर्षं?"

थोडा वेळ कुणालाच काही दिसलं नाही. हे सगळ्यांपासून जरा बाजूला, माझा दंड न धरता, काठीवर रेलून उभे होते. मग काठालगतच्या दगडांवर एक बारीक पक्षी उतरला. शेपटी सारखी वरखाली, पोटाला पिवळं. ह्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. सवयच ती, राहवलं नसणार. हात करून शेपटी लांब दाखवली आणि डॉक्टरांकडे न बघता आमच्याकडे वळले.

"करडा धोबी," पोस्टातल्या बाई हळूच म्हणाल्या. ह्यांनी मान हलवली. हो.

"कशावरून?" मी म्हटलं.

सगळे थबकले. हेही.

"पोट पिवळं आहे," मी म्हटलं. "मग पिवळा धोबी का नाही?"

ह्यांनी पुन्हा शेपटी दाखवली, हात चांगला ताणून.

"शेपटी मला काही लांब वाटत नाही. धोब्यांची असतेच तेवढी. दुसरं सांगा."

"कुलूप," हे म्हणाले.

"कुलूप नव्हे. पाठ कशी आहे ते सांगा."

ओठ हलले. काही आलं नाही. मान खाली गेली. मला माझ्याच तोंडात मारावंसं वाटलं. पोस्टातल्या बाईंनी माझी बाही धरली. "राहू द्या ना, ताई. कशाला छळता?"

"मी आडवी आहे," मी म्हटलं. आवाज थरथरत होता, तो लपवायला मी आणखी चढवला. "काय हो, नुसतं शेपटीवर काम भागवणार? पाठ बघितलीत का तरी? का अंदाजपंचे?"

अंदाजपंचे म्हटल्यावर ह्यांची मान वर आली. मोजणी खात्यातल्या माणसाला हा शब्द म्हणजे शिवी. कानापर्यंत लाल झाले. "पाठ," म्हणाले. "पाठ..." काठी जमिनीवर आपटली. "राख! राख!"

राख. कुणी शिकवलेला नव्हता हा शब्द, स्वतः जाऊन आणला होता. डॉक्टरांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. इथे मी मान्य म्हटलं असतं तर सगळ्यांना आनंद झाला असता. पण मी आदल्या दिवशी पुस्तक काही उगाच वाचलं नव्हतं.

"मला नाही पटत," मी म्हटलं. "थंडीत पिवळ्याची पाठसुद्धा लांबून मळकीच दिसते. पुस्तकात आहे."

"तुला काय कळतं!"

अख्खं वाक्य. न अडखळता, बोट माझ्यावर रोखून, तळ्याच्या पलीकडे जाईल एवढ्या आवाजात. काठावरची बदकं उडाली. पोस्टातल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. हे स्वतःच दचकले आणि आपल्या बोटाकडे बघत राहिले.

तेवढ्यात मागून डॉक्टर पुढे आले. घसा खाकरला. चेहरा पांढराफटक, पण आले.

"दादा," म्हणाले, "वहिनींचा मुद्दा बरोबर आहे. पाठीवरून ठरत नाही. मलाही पटलेलं नाही."

हे गर्रकन त्यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता काठी उगारतात की काय. पण ह्यांनी डॉक्टरांकडे नुसतं बघितलं, डोळे बारीक करून, आणि मग त्यांचा दंडच पकडला. "नाही!" म्हणाले. "नाही, नाही! शेपटी! पाठ! राख!" त्यांना ओढत दगडांकडे नेलं. डॉक्टर म्हणत होते, "पण दादा, पायांचा रंग? पाय बघितलेत का?" आणि हे, "पाय... नाही! शेपटी!" पक्षी मगाशीच उडून गेला होता. ते दोघांच्या गावीही नव्हतं. न पटलेलं फळ्यावर लिहायचं नाही हा नियम, त्यामुळे त्या दिवशी तिथे काहीच लिहिलं गेलं नाही. चिखलात बसून डॉक्टर बोटाने धोब्याचं चित्र काढत होते आणि हे ते पुसून दुसरं काढत होते.

मी पंपघराच्या पायरीवर जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. पोस्टातल्या बाई शेजारी येऊन बसल्या. पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "नका मनावर घेऊ, ताई. आजारी माणूस आहे. लागलं का हो फार, ते बोलले ते?"

"लागलं तर!" मी म्हटलं. "किती महिन्यांनी लागलं."